शेकाआधी जुने-नवे स्कॅन का जुळवतात? स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर विदर्भातल्या घरांतून येणारे प्रश्न

मी रेडिओथेरपीच्या प्लॅनिंग रूममध्ये काम करते. किरणं कुठून, किती आणि कोणत्या कोनातून द्यायची याचं गणित डॉक्टरांसोबत मांडायचं, हे माझं रोजचं काम. माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. त्यामुळे दारव्हा, घाटंजी, वणीकडून आलेल्या बाया आणि त्यांची माणसं डॉक्टरांसमोर गप्प राहतात आणि बाहेर आल्यावर मला विचारतात. त्यांचे प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत इथे घेतले आहेत. आपल्याकडे रेडिओथेरपीला 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात, मीही तेच म्हणेन. नाव शेक असलं तरी देताना काहीही गरम लागत नाही. आणि तुमच्या पेशंटला काय द्यायचं हे तिची फाईल पाहिलेले डॉक्टरच ठरवतील.

"गाठ तर काढून टाकली. मंग आता शेक कायले पायजे?"

गाठ काढून स्तन वाचवला असेल, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी मागे राहिलेल्या असू शकतात. 17 चाचण्यांमधल्या 10,801 स्त्रियांची माहिती एकत्र करून 2011 साली एक मोठा हिशेब छापला गेला. स्तन वाचवणाऱ्या ऑपरेशननंतर शेक न घेतलेल्यांमध्ये 10 वर्षांत रोग परत येण्याचं प्रमाण 35 टक्के होतं, शेक घेतलेल्यांमध्ये 19.3 टक्के. 15 वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यूही 25.2 वरून 21.4 टक्क्यांवर आले. पूर्ण स्तन काढलेल्या काही जणींनाही शेक लागतो, विशेषतः काखेतल्या गाठींमध्ये, म्हणजे लसिकाग्रंथींमध्ये, रोग सापडला असेल तर.

"ऑपरेशनच्या पहिले सीटी झाला होता. पुन्हा पैसे कायले घालवाचे?"

पहिला सीटी रोग शोधायला होता. हा सीटी मोजणीचा आहे. शेक देताना बाई ज्या सपाट टेबलावर, ज्या फळीवर, हात जसे डोक्यावर घेऊन झोपणार आहे, तसंच तिला झोपवून हा काढतात. पहिल्या सीटीचं टेबल पाळण्यासारखं खोलगट असतं, त्यावर शरीर वेगळंच बसतं. शिवाय मधल्या काळात ऑपरेशन झालं. स्तनाचा आकार बदलला, आत पाणी साचलं, व्रण आला.

दुसरं कारण आमच्या गणिताचं. सीटीमधला प्रत्येक ठिपका सांगतो की त्या जागचं मांस, चरबी, फुप्फुस किंवा हाड किरणांना किती अडवेल. त्यावरूनच कोणत्या जागी किती डोस पोचेल हे काढता येतं. एमआरआयमध्ये मऊ मांस कितीही सुरेख दिसलं तरी ही माहिती त्यातून थेट मिळत नाही.

"या सीटीचा रिपोर्ट काहून नाही भेटला?"

कारण हा स्कॅन आखणीसाठी थेट आमच्या कम्प्युटरवर जातो. रोग आहे की नाही हे सांगायला तो काढलेलाच नसतो. रिपोर्ट मिळाला नाही म्हणजे काहीतरी लपवलं, असं समजून एक भाऊ दोन दिवस जेवले नव्हते. म्हणून आता मी हे आधीच सांगते.

"मंग जुना स्कॅन कायले मागता?"

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

पूर्ण स्तनाला शेक दिल्यानंतर अनेकींना गाठ होती तेवढ्याच जागेवर थोडा जास्तीचा शेक देतात. त्याला 'बूस्ट' म्हणतात. युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत 50 ग्रेनंतर 16 ग्रेचा बूस्ट दिला होता. 20 वर्षांनी पाहिलं तर त्याच स्तनात रोग परतण्याचं प्रमाण बूस्ट न घेतलेल्यांत 16.4 टक्के आणि घेतलेल्यांत 12 टक्के होतं. 'ग्रे' हे किरणांच्या डोसचं माप आहे.

आता अडचण अशी, की जिथे बूस्ट द्यायचा ती गाठ तर राहिलीच नाही. समजा, तुमच्या वावरातलं एक जुनं कडुनिंबाचं झाड तोडलं, खोड उपटलं, वर नांगर फिरला. दोन वर्षांनी कोणी विचारलं, झाड नेमकं कुठे होतं? तुम्ही विहिरीपासून इतकी पावलं, धुऱ्यापासून इतकी, असं मोजून सांगाल. जुना नकाशा हाती असेल तर हद्दीचे दगड जुळवून तो नव्यावर ठेवाल. आम्ही तेच करतो. जुन्या स्कॅनमध्ये गाठ दिसते, नव्या स्कॅनमध्ये आजचं शरीर दिसतं. दोन्ही एकावर एक बसले की गाठीची जागा आजच्या शरीरावर उतरते.

स्कॅन जुळवतात म्हणजे नेमकं काय करतात?

हा प्रश्न बहुधा घरातलं कॉलेजात जाणारं पोर विचारतं, आणि मला उत्तर द्यायला मनापासून आवडतं.

सोपी पद्धत अशी. जुना स्कॅन जसाच्या तसा उचलायचा आणि नव्यावर सरकवायचा: डावीकडे-उजवीकडे, वर-खाली, डोक्याकडे-पायांकडे. मग तीन दिशांनी थोडा थोडा फिरवायचा. एवढे सहा आकडे ठरले की झालं. जुना स्कॅन इथे न वाकणाऱ्या पाटीसारखा असतो. डोक्याच्या कवटीला ही पद्धत छान लागू पडते. छातीत बरगड्या आणि छातीचं मधलं हाड जुळवायलाही चालते. पण स्तनात हाड नाही. तो हात वर केला की एका आकाराचा, खाली केला की दुसऱ्या.

दुसरी पद्धत लवचीक. नकाशा पाटीवर काढलेला नसून लुगड्यावर काढलाय असं समजा. मग तो कुठे ताणता येतो, कुठे चुणता येतो. कम्प्युटर प्रत्येक ठिपक्यासाठी वेगळा बाण काढतो: हा ठिपका तिकडे 4 मिलिमीटर गेला, हा 11 मिलिमीटर गेला.

आणि जुळलं की नाही हे कम्प्युटरला कसं कळतं? दोन्ही सीटी असतील तर पांढऱ्यावर पांढरं, काळ्यावर काळं ठेवलं की काम होतं. पण सीटी आणि एमआरआयमध्ये तसं होत नाही. चरबी सीटीत काळपट आणि एमआरआयच्या बऱ्याच चित्रांत उजळ दिसते. यावर 1990च्या दशकात एक सुंदर तोड निघाली. घरात एकाच बाईला सासू 'सूनबाई' म्हणते आणि नणंद 'वहिनी'. शब्द वेगळे. पण सासूने 'सूनबाई' म्हणून जिच्याकडे बोट दाखवलं, तिलाच दर वेळी नणंद 'वहिनी' म्हणत असेल, तर दोघी एकाच बाईबद्दल बोलतात हे परक्यालाही समजतं. कम्प्युटर असंच पाहतो. एका स्कॅनमधला रंग कळल्यावर दुसऱ्यातला रंग जितका पक्का ओळखता येईल, तितके दोन्ही चांगले बसले. या मोजमापाला आमच्याकडे म्युच्युअल इन्फॉर्मेशन म्हणतात.

आता स्तनातली खरी पंचाईत. एमआरआय काढताना बाईला पालथं झोपवतात आणि स्तन खाली मोकळा सोडतात. आमचा सीटी उताणा. पालथं असताना लोंबणारा स्तन उताणं झाल्यावर पसरतो, काखेकडे ढळतो. आतली जागा काही सेंटिमीटर हलते. त्यात गाठ काढलेली. म्हणजे जुन्या स्कॅनमधल्या एका तुकड्याला नव्या स्कॅनमध्ये जोडीदारच नाही. लवचीक पद्धत अशा वेळी हार मानत नाही. आजूबाजूचं मांस ओढूनताणून ती खड्डा भरते आणि पडद्यावर चित्र इतकं गुळगुळीत दाखवते, की नवख्या माणसाला वाटावं, वा, काय जुळलं! मला अशा गुळगुळीत चित्राची भीती वाटते. अमेरिकेतल्या मेडिकल फिजिक्सवाल्यांच्या संघटनेने, एएपीएमने, 2017 साली स्कॅन जुळवण्यावर सविस्तर अहवाल काढला. जुळणी वापरण्याआधी ती तपासून पाहिलीच पाहिजे, हा त्याचा गाभा आहे. आम्ही दोन्ही चित्रं बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक चौकटींत लावतो आणि बरगडीची कड एका चौकटीतून दुसरीत सलग जाते का हे डोळ्यांनी पाहतो. मगच डॉक्टर गाठीच्या जागेभोवती रेघ ओढतात.

"आंगात क्लिपा ठेवल्या म्हणते. त्या काढा लागतीन का?"

नाही, आयुष्यभर राहू द्यायच्या. त्या बहुधा टायटॅनियमच्या असतात, तांदळाच्या दाण्याहून लहान. गंजत नाहीत, टोचत नाहीत. पुढे एमआरआय करायचा झाला तर क्लिपा आहेत एवढं तिथे सांगायचं, सहसा अडत नाही.

गाठ काढल्यावर जी पोकळी उरते तिच्या भिंतींना सर्जन अशा चार-सहा क्लिपा लावतात. सीटीमध्ये त्या चांदण्यांसारख्या चमकतात. झाडाच्या उदाहरणात सांगायचं तर खोड उपटल्यावर खड्ड्याभोवती रोवलेल्या या खुंट्या. जुना स्कॅन कितीही चांगला असला तरी माझा जास्त भरवसा क्लिपांवर, कारण त्या आजच्या शरीरात, खऱ्या जागी आहेत. काही ऑपरेशनांत स्तनाचा आकार नीट राहावा म्हणून आतलं मांस फिरवून बसवतात. तिथे तर क्लिपांवाचून पोकळी शोधणं फार कठीण.

माझ्या सख्ख्या आत्याचं ऑपरेशन एका लहान दवाखान्यात झालं. क्लिप लावली नाही. ऑपरेशनच्या कागदावर 'गाठ काढली' एवढीच ओळ. जुना स्कॅन हरवलेला. व्रण दिसत होता, पण व्रण नेहमी गाठीच्या डोक्यावरच असतो असं नाही. दिसायला बरं म्हणून सर्जन कधी बाजूने चिरा घेतात. आम्ही सोनोग्राफीच्या कागदावरच्या 'इतके वाजता' या नोंदीवरून, म्हणजे स्तनाला घड्याळाची तबकडी मानून लिहिलेल्या जागेवरून, अंदाज बांधला आणि बूस्टचा घेर मोठा ठेवला. घेर मोठा म्हणजे चांगल्या मांसालाही जास्त शेक. आत्या आज बरी आहे. पण गाठ नेमकी कुठे होती याची दोन वाक्यं ऑपरेशनच्या कागदावर असती तर तिच्या अंगावरची ती जागा इतकी कडक झाली नसती, असं मला अजून वाटतं.

म्हणून ऑपरेशन व्हायचं असेल तर सर्जनला मोकळेपणी विचारा: "डॉक्टरसाहेब, पुढे शेक लागला तर जागा कळावी म्हणून क्लिपा लावाल ना?" यात उद्धटपणा काही नाही.

"फिल्म आणली ना मोठ्या लिफाफ्यात. ते चालत नाही का?"

पाहायला चालते, जुळवायला नाही. फिल्मवर निवडक चित्रं छापलेली असतात. कम्प्युटरला सगळे काप लागतात, मूळ आकड्यांसकट. ते सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर 'डायकॉम' नावाच्या स्वरूपात मिळतात. व्हॉट्सअॅपवर आलेला फिल्मचा फोटो तर अजिबात उपयोगाचा नाही.

स्कॅन सेंटरवर पैसे भरतानाच सीडी मागा. बरीच सेंटरं मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि काही महिन्यांनी त्यांच्याकडचा डेटाही उडालेला असू शकतो. सीडीवर नाव आणि तारीख लिहून घ्या. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिक्कीत ती ठेवू नका, आपल्याकडचं 45 डिग्रीचं ऊन तिला सोसत नाही. आधार कार्ड आणि रेशन कार्ड जिथे जपता तिथेच ठेवा. सोबत ऑपरेशन नोट, बायोप्सीचा आणि काढलेल्या गाठीचा रिपोर्ट, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीचे कागद. पेट-सीटी झाला असेल तर त्याचीही सीडी.

सीटी सिम्युलेशनच्या दिवशी काय करतात?

सीटी सिम्युलेशन म्हणजे वर सांगितलेला मोजणीचा सीटीच. हे नाव ऐकूनच बाया घाबरतात, पण यात सुई बहुतेक लागत नाही, दुखतही नाही. अर्धा-पाऊण तास उतरत्या फळीवर हात डोक्यावर घेऊन निश्चल पडायचं. सीटी स्वतः काही मिनिटांचाच, बाकी वेळ नीट झोपवण्यात जातो. व्रणावर आणि स्तनाच्या कडेने बारीक तार चिकटवतात, म्हणजे त्या सीटीत दिसतात. भिंतीतून येणाऱ्या लेझरच्या रेघा जिथे अंगावर पडतात तिथे खुणा करतात. काही ठिकाणी शाईने, काही ठिकाणी सुईच्या टोकाएवढा कायमचा ठिपका टोचून. कपाळावर, हातावर गोंदलेल्या आपल्या आजीबायांना हे सांगितलं की त्या म्हणतात, "मंग काय, गोंदणच होय ना!" तेच समजा.

डोरलं आणि गळ्यातलं काढावं लागतं, धातू चित्रात आडवा येतो. पुष्कळ बायांना हे जिवावर येतं. पदराच्या गाठीत बांधून सोबतच्या बाईकडे द्या, स्कॅन झाला की लगेच घाला. अंगावर चादर मागायची असेल तर मागा. खोलीत बाई हवी असेल तर तसं सांगा. लाजून अंग आखडून घेतलं तर स्कॅनही आखडलेल्या अंगाचाच निघतो आणि रोज तसं आखडणं जमत नाही. बाई सैल, निवांत पडली तर पुढची प्रत्येक जुळणी सोपी होते.

"हात वरते जातच नाही. मंग?"

काखेतल्या गाठी काढल्यावर खांदा धरतो. ऑपरेशननंतर सर्जननी परवानगी दिली की बोटांनी भिंत चढण्याचा व्यायाम रोज करा: भिंतीसमोर उभं राहून बोटं हळूहळू वर न्यायची, काल जिथपर्यंत पोचली तिथे खडूची रेघ. कपाशी वेचणाऱ्या बाईला कामाची सवय असते, पण वेचणी कमरेच्या उंचीवर चालते, हात डोक्यावर जात नाही. हात जेमतेम वर गेला आणि स्कॅन काढला, आणि पुढच्या आठवड्यात खांदा मोकळा झाला, तरी पंचाईत: स्तनाची जागा बदलते. म्हणून व्यायाम सिम्युलेशनच्या आधी.

केमो झाल्यावर वाट का पाहायला लावता?

केमो संपल्यावर साधारण तीन-चार आठवडे अंगाला सावरू देतात. केमो नसेल तर जखम भरल्यावर. आमच्या कामापुरतं एवढंच, की पोकळीत साचलेलं पाणी पहिल्या आठवड्यांत झपाट्याने आटतं. केमोनंतर ती जागा सीटीत कधी पुसट दिसते. अशा वेळी पुन्हा जुना स्कॅन आणि क्लिपाच कामी येतात.

"डाव्या बाजूले हाय. दिलाले तर धोका नाही ना?"

काळजी रास्त आहे. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये 1958 ते 2001 या काळात शेक घेतलेल्या स्त्रियांच्या नोंदींवरून 2013 साली दिसलं, की हृदयाला पोचणाऱ्या सरासरी डोसच्या दर ग्रेमागे हृदयविकाराच्या गंभीर घटना 7.4 टक्क्यांनी वाढतात. त्यातल्या पुष्कळ जणींना जुन्या पद्धतीचे शेक होते. आता डावीकडच्या पेशंटला जिथे सोय आहे तिथे खोल श्वास घेऊन रोखायला शिकवतात. फुप्फुस फुगलं की हृदय छातीच्या भिंतीपासून मागे आणि खाली सरकतं. सीटीही त्याच रोखलेल्या श्वासात काढतात आणि रोजचा शेकही. घरी बसल्या बसल्या 20 सेकंद श्वास रोखण्याचा सराव करा.

रोज शेकाआधी फोटो का काढतात?

तीही जुळणीच, फक्त लहान. टेबलावर झोपवल्यावर मशिनीतूनच एक्स-रे किंवा छोटा सीटी काढून तो आखणीच्या सीटीवर ठेवतात. बरगड्या किंवा क्लिपा 3 मिलिमीटर सरकलेल्या दिसल्या तर टेबल तेवढं हलवतात. आखतानाच आम्ही भोवताली साधारण 5 मिलिमीटरची सूट धरलेली असते, ती याचसाठी. सूज आली, वजन बरंच उतरलं, तर कधी नवा सीटी काढून पुन्हा आखावं लागतं. त्याचा अर्थ रोग वाढला असा नाही.

"घामाने खुणा पुसल्या. घरी पेनाने काढल्या तर चालते का?"

कृपा करून काढू नका. एका भल्या माणसाने बायकोच्या अंगावरची खूण पुसट झाली म्हणून बॉलपेनने गिरवली, प्रेमानेच. ती बोटभर खाली गेली होती. त्या दिवशीच्या फोटोत फरक दिसला म्हणून बरं. खुणांवर साबण घासू नका, शेकाच्या जागी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हळद-तेल लावू नका. खूण गेली तर तसेच या, आम्ही नव्याने काढू.

किती दिवस राहावं लागेल, आणि खर्च?

आता अनेकींना 15 वेळा, म्हणजे तीन आठवडे शेक देतात. ब्रिटनमध्ये 40 ग्रे 15 वेळांत देऊन पाहिलेल्या चाचणीचे निकाल 2008 साली आले. 2020 साली 26 ग्रे फक्त 5 वेळांत देण्याचे निकालही चांगले आले, पण ते प्रत्येकीला लागू नाहीत. बूस्टचे दिवस वेगळे. शनिवार-रविवार बहुतेक ठिकाणी सुट्टी.

नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, तसंच वर्ध्याजवळ सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय इथे शेकाची सोय आहे. रेशन कार्ड घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा. कर्करोगाच्या पेशंटला एसटीत आणि रेल्वेत तिकिटात सवलत आहे, त्यासाठी दवाखान्याचा दाखला मागून घ्या. अहेरी, धारणीहून रोज ये-जा शक्य नाही. राहण्याचं सिम्युलेशनच्या आधी ठरवा, कारण मधले दिवस चुकवून चालत नाही.

"शेक झाला. आता ह्या फायली फेकल्या तं चालते?"

नाही. पुढे कधी दुसऱ्या स्तनाला, फुप्फुसाला किंवा पाठीच्या मणक्याला शेक द्यायची वेळ आली, तर आधीचा डोस कुठे पडला होता हे नव्या स्कॅनवर जुळवून पाहावं लागतं. म्हणून शेकाच्या शेवटच्या दिवशी डोसचा सारांश कागदावर आणि प्लॅन व स्कॅन सीडीवर मागून घ्या. आर्णीकडची एक म्हातारी माय सहा वर्षांनी पुन्हा आली, तेव्हा तिने सगळं खताच्या पिशवीत गुंडाळून पेटीत लुगड्याखाली ठेवलेलं आणलं. सीडी पहिल्याच वेळी उघडली. त्याच दुपारी आम्ही तिच्या मणक्याची आखणी सुरू केली.